चीनला स्वतःहून जायचंय : देशाची आणि शहरांची प्राथमिक माहिती हवी

मेतकूट
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी निघून २ ऑक्टोबरची सुट्टी जोडून चीनला जायचा विचार आहे. आम्ही चौघं : मी, नवरा, ११ वर्षांची लेक आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. त्या शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. चालतात मात्र माझ्यापेक्षा जास्त.
दोन टूर कंपन्यांचे कार्यक्रम पाहिले. रोज सकाळी सहाला उठवून आधी रेशमाचा कारखाना, मग मोत्यांचं दुकान, आणि उरल्या वेळात ऐतिहासिक चीन. त्यापेक्षा आपलं आपण जावं असं वाटतंय. डोक्यात आहे ते असं : बीजिंग, शिआन, चोंगचिंग, शांघाय, ग्वांगझू, मग हाँगकाँग आणि तिथून परत चीनमध्ये येऊन घरी. एकूण दहा दिवस.
पैसे, इंटरनेट, रेल्वे, खाणं, भाषा यातलं मला काहीच माहीत नाही. अगदी 'ढ' विद्यार्थ्याला सांगतात तसं सांगा.

गण्या
दहा दिवसांत सहा शहरं? काकू, टूर कंपनीवाले तुमच्याकडे शिकवणी लावतील.

कोलंबस_कोथरूड
मेतकूट, आधी आकाराबद्दल बोलू, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. चीनमधल्या 'शहर' या शब्दावर आपल्या अर्थाने जाऊ नका. बीजिंगचं क्षेत्रफळ १६,४१० चौरस किलोमीटर. आपला अख्खा पुणे जिल्हा १५,६४३. म्हणजे 'हॉटेल बीजिंगमध्येच आहे' हे वाक्य 'हॉटेल पुणे जिल्ह्यातच आहे' याइतकंच उपयोगी. ते भोरलाही असू शकतं. हॉटेल घेताना शहराचं नाव पाहू नका, मेट्रो स्टेशन किती जवळ आहे ते पाहा. आतल्या रिंग रोडांच्या आसपास राहिलात तर रोजचे दोन तास वाचतील.
चोंगचिंगचं तर विचारूच नका. 'जगातलं सगळ्यात मोठं शहर' म्हणून त्याचे व्हिडिओ फिरत असतात. ८२,००० चौ. किमी.च्या वर, म्हणजे महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून मोठं, आणि लोकसंख्या ३ कोटींच्या पुढे. पण त्यात डोंगर, शेतं, खेडी सगळं आलं. १९९७ मध्ये सिच्वानमधून वेगळं काढून त्याला थेट केंद्राच्या अखत्यारीत घेतलं. असा दर्जा असलेली शहरं चारच : बीजिंग, शांघाय, तिआनजिन आणि हे.
अंतरांचंही तेच. बीजिंग-शांघाय रेल्वेने १,३१८ किमी, साधारण मुंबई-दिल्लीएवढं. गाडी साडेचार तासांत नेते हे खरं, पण स्टेशन गाठणं, तपासणी, उतरून हॉटेल हे धरलं की दिवस गेला. दहा दिवसांत तीन शहरं. चौथं घेतलंत तर सासूबाईंना चीनमधली फक्त स्टेशनं आठवतील.
आणि सगळ्यात महत्त्वाचं : तारखा बदला. १ ऑक्टोबर हा त्यांचा राष्ट्रीय दिन. त्याला जोडून आठवडाभर सुट्टी असते आणि सगळा देश फिरायला निघतो. १४० कोटींचा देश आहे तो. गणपती विसर्जनाला लक्ष्मी रोडवर उभं राहून भिंत बघायची हौस असेल तर जरूर जा.

चकवा
तारखांना +१. चिनी नववर्ष (जानेवारी शेवट ते फेब्रुवारी) आणि १ मेच्या आसपासचे दिवसही टाळा.

मेतकूट
बापरे, राष्ट्रीय दिनाचं लक्षातच आलं नव्हतं. मग दिवाळीनंतर?

कोलंबस_कोथरूड
दिवाळी लवकर असेल तर उत्तम. बीजिंगला ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबरची सुरुवात म्हणजे कोरडी हवा आणि निळं आकाश. नोव्हेंबरच्या शेवटी रात्री पारा शून्याखाली जातो. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे अधूनमधून धुळीची वादळं येतात.

शांघायची_सून
इथे राहते, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते. चीनमध्ये तुमचं सगळं दोन गोष्टींवर चालतं : फोन आणि पासपोर्ट. भाषा त्यानंतर येते.

पैसे : अलीपे आणि वीचॅट ही दोन अ‍ॅप भारतातूनच उतरवून घ्या, पासपोर्टने ओळख पडताळून घ्या, व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा. निघायच्या आदल्या रात्री नको, पडताळणी कधी कधी अडकते. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करायचे ते बँकेच्या अ‍ॅपमधून, आणि ओटीपी येणारं सिम फोनमध्ये चालू ठेवायचं. २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर जादा आकार नाही, त्याच्यावर ३ टक्के लागतात. त्यामुळे हॉटेलच्या बिलाला वेगळं कार्ड चालतंय का ते विचारा. रोख नाकारायची नाही असा नियम आहे, पण फळवाल्या आजीकडे १०० ची मोड नसते. १०० युआनची नोट हीच सगळ्यात मोठी. थोड्या लहान नोटा जवळ असू द्या. टिप कोणी देत नाही, मागतही नाही.

इंटरनेट : गूगल, व्हॉट्सॅप, यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम बंद. हॉटेलच्या वायफायवरही बंद. पण भारतीय सिमचं रोमिंग किंवा बाहेरून घेतलेलं प्रवासी ई-सिम असेल तर हे सगळं चालतं, कारण ते नेटवर्क बाहेरच्या मार्गाने जातं. चौघांपैकी निदान दोघांकडे तरी असं असू द्या.

नकाशा : गूगल मॅप उघडला तरी विश्वास ठेवू नका. चीनची नकाशाची अक्षांश-रेखांश पद्धत मुद्दाम सरकवलेली आहे, त्यामुळे तुमचा निळा ठिपका दोन गल्ल्या पलीकडे दिसू शकतो. अ‍ॅपलचा नकाशा इथे नीट चालतो. अँड्रॉइडवाल्यांनी अ‍ॅमॅप हा चिनी नकाशा घ्यावा. टॅक्सीसाठी दीदी, ती अलीपेच्या आतच मिळते.

पाणी : नळाचं थेट पिऊ नका. गरम पाणी मात्र स्टेशन, रेल्वेचा डबा, विमानतळ, सगळीकडे फुकट. थर्मास घेऊन फिरणाऱ्या देशात सासूबाईंची चांगलीच सोय होईल. आणि पर्समध्ये टिश्यू हवेतच, सार्वजनिक स्वच्छतागृहांत असतीलच असं नाही.

गण्या
म्हणजे व्हॉट्सॅप बंद?! सासरच्या ग्रुपपासून दहा दिवस कायदेशीर सुटका? मी आजच अर्ज भरतो.

शांघायची_सून
@गण्या रोमिंग घेतलंत तर 'शुभ सकाळ' तिथेही पोचतं. आणि अडीच तास आधीच जाग आलेली असल्यामुळे उत्तर द्यायला तुम्ही मोकळे असता.

राष्ट्रहित_प्रथम
सीमेवर काय चाललंय ते विसरून तिकडे पैसे उधळायला जायचं? आपल्याकडे काय कमी आहे? आधी ईशान्य भारत बघा.

चकवा
हा प्रतिसाद कुठे बनलेल्या फोनवरून टंकलात तेवढं सांगा, मग बोलू.

राष्ट्रहित_प्रथम
जुळणी नोएडाची आहे.

चकवा
जुळणी. बरं.

संपादक_मंडळ
राजकारणासाठी वेगळे धागे आहेत. इथे प्रवासाबद्दलच लिहावे.

यिवूवाला
धंद्यानिमित्त बरीच वर्षं जा-ये आहे, व्हिसाचं सांगतो. 'चीनला आता व्हिसा लागत नाही' अशी रीळं फिरतात ती युरोपीय आणि इतर देशांसाठी. तिसऱ्या देशात जाताना वाटेत व्हिसाविना थांबायच्या २४० तासांच्या ट्रान्झिट सवलतीतही भारताचं नाव नाही. आपल्याला व्हिसा काढावाच लागतो. ऑनलाइन अर्ज, मग कागदपत्रं घेऊन केंद्रात, मुंबईत आहे.
मेतकूट ताईंच्या आराखड्यात खरी गोम हाँगकाँगची आहे. हाँगकाँगला जाणं म्हणजे चीनमधून बाहेर पडणं. शिक्का बसतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत आत येता येणार नाही. एक तर दोनदा प्रवेशाचा घ्या, नाहीतर हाँगकाँग शेवटी ठेवून तिथूनच मुंबईला या. हाँगकाँगला आपल्याला १४ दिवसांपर्यंत व्हिसा नको, पण आधी ऑनलाइन नोंदणी करून तो कागद छापून न्यावा लागतो. अगदी चार तासांसाठी बाहेर पडायचं असेल तरी.
विमानं : २०२० पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी कोलकाता-ग्वांगझूने पुन्हा सुरू झाली, मग दिल्ली-शांघाय. मुंबईकरांना अजूनही बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँगमार्गे जाणं बऱ्याचदा सोयीचं पडतं.
हॉटेल : पोचल्यावर २४ तासांत पोलिसांकडे राहण्याची नोंद लागते. हॉटेलवाले पासपोर्ट घेऊन ती करतात. ओळखीच्यांच्या घरी उतरलात तर ती तुमची जबाबदारी. काही लहान हॉटेलं नोंदीची कटकट नको म्हणून परदेशी माणसाला दारातूनच परत पाठवतात. रात्री अकराला सामान घेऊन फुटपाथवर उभं राहायची वेळ माझ्यावर आलेली आहे. बुकिंगच्या आधी परीक्षणांत दुसऱ्या परदेशी लोकांची नावं दिसतात का ते बघा.
ग्वांगझूला वसंतात आणि शरदात कँटन फेअर हा मोठा व्यापारमेळा असतो (१९५७ पासून). त्या दिवसांत हॉटेलांचे भाव गगनाला भिडतात. पर्यटकांनी तेव्हा तिकडे फिरकूच नये.

पोळीभाजी
खाण्याबद्दल कोणीच लिहीत नाहीये. माझा अनुभव वाईट आहे. 'व्हेज' म्हणून मागवलेल्या वांग्यात खिमा, भेंडीत सुकी कोळंबी. शेवटी ब्रेड आणि केळी. थेपले, मेतकूट (आयडीवाल्या नव्हे), गूळपोळ्या, सातूचं पीठ भरून न्या.

शांघायची_सून
@पोळीभाजी इतकं वाईट नाही हो. 'मांस नको' असं सांगितलं की त्यांच्या लेखी खिमा म्हणजे चव, ते मांस नव्हे. म्हणून काय नको त्याची यादी चिनीत लिहून दाखवायची : मांस, मासे, कोळंबी, अंडं, डुकराची चरबी, चिकन पावडर, ऑयस्टर सॉस. फोटो काढून फोनमध्ये ठेवा, आचाऱ्याला थेट दाखवा.
मोठ्या बौद्ध मंदिरांच्या आसपास शाकाहारी उपाहारगृहं असतात. तिथे कांदा-लसूणही नसतो, जैन मंडळी खूश असतात. साध्या हॉटेलात 'दी सान श्येन' मागा : वांगं, बटाटा, ढोबळी मिरची. ठेचलेल्या काकडीची लसूण घातलेली कोशिंबीर सगळीकडे मिळते. तरीही ऑयस्टर सॉसचं विचारायचंच.

पोळीभाजी
तुम्ही चिनी बोलता, म्हणून म्हणताय. ७२ वर्षांच्या बाईंना रोज 'यात चरबी आहे का' अशी चौकशी करत जेवायला लावायचं? मी माझ्या मतावर ठाम आहे. डबा न्या.

यिवूवाला
दोघंही बरोबर. यिवूत (घाऊक बाजाराचं शहर) भारतीय हॉटेलं गल्लीगल्लीत आहेत, बीजिंग-शांघायलाही आहेत, पण तुमच्या हॉटेलापासून तासभर लांब निघतात. डबा नेताना लक्षात ठेवा : दूध, तूप, चीज, मांस, ताजी फळं-भाज्या आणि पेरायचं बी कस्टमला चालत नाही. चिवडा, चकली, भाजणी बिनधास्त.

रेल्वेवेडा
वा, माझा विषय आला की नाही अजून? वेगवान रेल्वेचं जाळं ४५,००० किमीच्या वर गेलं आहे. बीजिंग-शांघाय मार्ग ३० जून २०११ ला सुरू झाला, गाड्या ताशी ३५० ने जातात. डब्यात चहाचा कप खिडकीच्या कठड्यावर ठेवा, डुचमळत नाही.
१) गाडीच्या क्रमांकाचं पहिलं अक्षर बघा. 'जी' सगळ्यात वेगवान, 'डी' त्याखालोखाल. झेड, टी, के या जुन्या रुळांवरच्या, रात्रभराच्या. बर्थ त्यांत मिळतो.
२) तिकीट १२३०६ या सरकारी संकेतस्थळावर, इंग्रजीतही आहे, साधारण १५ दिवस आधी खुलं होतं. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच टाका. आपल्याकडे नाव-वडिलांचं नाव-आडनाव अशी तीन डब्यांची गाडी असते, ती दोन रकान्यांत बसवताना पासपोर्टची प्रत समोर ठेवा.
३) कागदी तिकीट नाही. पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित फाटकाने तो वाचला नाही तर बाजूला माणूस बसलेला असतो, त्या रांगेत जा.
४) शहरात चार-पाच स्टेशनं असतात आणि नावाच्या शेवटी दिशा : बेइ उत्तर, नान दक्षिण, दोंग पूर्व, शी पश्चिम. शांघायला बहुधा होंगचिआओ. चुकीच्या टोकाला गेलात तर गाडी गेलीच.
५) सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद. दादर स्टेशनसारखी धावत गाडी पकडायची सोय नाही. स्टेशनात शिरताना क्ष-किरण तपासणी, मेट्रोतही प्रत्येक वेळी. भाजी चिरायची सुरी नेऊ नका.
६) लेक ११ वर्षांची आहे ना? ६ ते १४ वयाला सवलतीचं तिकीट, वयावर ठरतं, उंचीवर नाही (पूर्वी उंचीवर होतं).
अवांतर : शांघायच्या पुदोंग विमानतळावरून मॅग्लेव्ह (चुंबकाच्या जोरावर तरंगत धावणारी गाडी) घ्या. ३० किमी, आठ मिनिटांच्या आसपास. पूर्वी ताशी ४३१ ने जायची, आता ३०० वर आणली. तरी लेक खूश होईल.

गण्या
वेग कमी केला म्हणून दुःख करणारा माणूस भारतात राहतो आणि डेक्कन क्वीनने जातो.

इतिहासाचा_किडा
शिआनला जाणार असाल तर पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेल्या मातीच्या सैन्यावर थांबू नका. (ते १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडलं. शहरापासून दूर, लिंतोंगला आहे, अर्धा दिवस धरा.) शहरातच मोठा बगळा पॅगोडा... नव्हे, रानहंस पॅगोडा आहे, इ. स. ६५२ चा. ह्युएन त्संगने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी तो बांधला. तोच ह्युएन त्संग, जो दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि लिहून ठेवलं की इथले लोक मानी, उपकार करणाऱ्याची जाण ठेवणारे आणि अपकार करणाऱ्याचा सूड घेणारे. ६४५ मध्ये तो परतला. पॅगोड्यासमोर त्याचा पुतळा आहे.
शहराची तटबंदी शाबूत आहे, जवळजवळ १४ किमी. वर भाड्याने सायकल मिळते.

चकवा
उपकाराची जाण आणि अपकाराचा सूड. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीच त्याने मराठी संस्थळांवरच्या आयडींचं वर्णन करून ठेवलं होतं.

सोलापूरकर
आमच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा उल्लेख कोणीच कसा केला नाही? जन्म सोलापूरचा, १९१०. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. तिथल्याच परिचारिकेशी, ग्वो छिंगलानशी लग्न केलं, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. त्यांची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. बीजिंगहून वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आसपास. सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं. आमच्याकडे भैय्या चौकाजवळ त्यांच्या घराचं स्मारक केलंय, तेही बघा.

मेतकूट
@सोलापूरकर सासूबाईंना वाचून दाखवलं. 'भिंत नाही बघितली तरी चालेल, कोटणीसांकडे न्या' असा हुकूम झालाय.

आजीबाईंचा_बटवा
मला मात्र चकवा आणि कोलंबस यांच्यासारखा 'आपलं आपण जा' हा सूर पटत नाही. बीजिंगच्या राजवाड्यात (फॉरबिडन सिटी) दक्षिणेच्या दाराने शिरायचं आणि उत्तरेच्या दाराने बाहेर. मध्ये किलोमीटरभर फरसबंदी, बसायला जागा कमी. परतायचा रस्ता नाही. वयस्कर माणूस बरोबर असेल तर गाईड, गाडी, ठरलेलं जेवण याला किंमत आहे. आम्ही छोट्या गटातून गेलो, दुकानं टाळणारी सहल असते, दोन पैसे जास्त पडतात.

चकवा
मी कधी 'आपलं आपण जा' म्हणालो? मी फोनबद्दल बोललो होतो. उलट माझं मत तुमच्यासारखंच आहे, निदान राजवाडा आणि भिंत या दोन दिवसांपुरता गाईड घ्यावा.

कोलंबस_कोथरूड
मी म्हणालो असेन, आणि अजूनही म्हणतो. सासूबाई चालतात असं पहिल्याच प्रतिसादात आलंय. भिंतीसाठी बादालिंगऐवजी मुतिआन्युला जा. दोरीवरचा पाळणा वर नेतो, उतरायला घसरगाडी आहे. (सासूबाईंच्या वयाला बसू देतात का ते आधी विचारा.) बादालिंगला बीजिंगहून वेगवान रेल्वे जाते, म्हणून सगळे तिथेच.
राजवाडा सोमवारी बंद. तिकिटं ७ दिवस आधी रात्री ८ ला खुली होतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच. चौघांचे पासपोर्ट क्रमांक समोर घेऊनच बसा. तिआनमेन चौकातही आगाऊ नोंदणीशिवाय सोडत नाहीत.

पूर्वेचा_वारा
वेळेवरून आठवलं. एवढ्या रुंद देशात घड्याळ एकच, बीजिंगचं. आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. पश्चिमेला काशगरला हिवाळ्यात सकाळी दहालाही उजाडलेलं नसतं, उन्हाळ्यात रात्री दहाला उजेड. स्थानिक लोक स्वतःचं दोन तास मागचं घड्याळ चालवतात, त्यामुळे तिकडे कोणी वेळ दिली की कुठली ते विचारायचं. तिबेटला तर व्हिसाशिवाय वेगळा परवाना आणि ठरलेला गाईड लागतोच. मेतकूट यांच्या कामाचं नाही, पण धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी.

मेतकूट
सगळ्यांचे आभार. आता ठरलंय ते असं : दिवाळीनंतर. बीजिंग पाच रात्री, त्यातली एक सकाळ शिजियाझुआंग. शिआन दोन. शांघाय तीन, तिथूनच परत. चोंगचिंग, ग्वांगझू, हाँगकाँग रद्द. राजवाडा आणि भिंत या दोन दिवसांना गाईड (आजीबाई, चकवा, जिंकलात). थेपले आणि चिनी यादी दोन्ही (पोळीभाजी आणि शांघायची_सून, दोघीही जिंकलात).
राहिलेला प्रश्न : अडीअडचणीला फोन कुठे करायचा? आणि प्लग?

यिवूवाला
पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०, आग ११९. इंग्रजी मिळेलच असं नाही, म्हणून हॉटेलचं चिनीतलं कार्ड चौघांच्या खिशात वेगवेगळं ठेवा. वीज २२० व्होल्ट, जवळपास आपल्यासारखीच. दोन गोल पिनांचा प्लग बहुतेक ठिकाणी बसतो, आपला तीन जाड पिनांचा बसत नाही. अ‍ॅडाप्टर न्या.

रेल्वेवेडा
शिआन ते शांघाय विमानाने जाणार असाल तर एक गोष्ट बघून घ्या. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत 'सीसीसी' हे चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत. भारतात घेतलेल्या बऱ्याचशा पॉवर बँकांवर ते नसतं, सुरक्षा तपासणीत तिथेच टाकून द्यावी लागते. रेल्वेने गेलात तर हा प्रश्नच नाही. सहा-सात तास लागतात, खिडकीची जागा घ्या.

गण्या
@रेल्वेवेडा कोणताही प्रश्न विचारला तरी उत्तर रेल्वेच!